बियाण्याच्या अळ्या

आमच्या घरी आलेल्या पाहुण्याला आधी गोठा दाखवायची रीत होती. बैल किती, गाई किती, म्हैस कोणत्या बाजारातून आणली, हे सगळं सांगून झालं की मग चहा. बैल गेले, ट्रॅक्टर आला, गोठा रिकामा पडला आणि रीतही मोडली. ती माझ्या बायकोने पुन्हा सुरू केली. फरक इतकाच, की आता पाहुणा गोठ्याच्या दारातून आत डोकावायचा, नाकाला रुमाल लावायचा आणि चहा नको म्हणायचा.

गोठ्यात अळ्या होत्या. जिथे गव्हाणी होत्या तिथे प्लास्टिकच्या ट्रेंचे मजले उभे होते, आणि प्रत्येक ट्रेमध्ये सडका भाजीपाला, मिलमधला कोंडा आणि त्यात वळवळणारं पांढुरकं काहीतरी. एका कोपऱ्यात मच्छरदाणीची मोठी खोली, तिच्यात काळ्या माश्या. ह्या माशीला काळी सैनिक माशी म्हणतात. नाव सैनिक, पण इतका निरुपद्रवी जीव मी पाहिलेला नाही. चावत नाही, अन्नावर बसत नाही. खाण्याचं सगळं काम ती अळी असतानाच उरकून घेते. पंख फुटल्यावर लग्न करते, अंडी घालते आणि मरते. आमच्या नात्यात अशी आयुष्यं मी बरीच पाहिली आहेत, फक्त पंखांचा भाग वगळून.

ह्या अळ्या वाळवून मासे आणि कोंबड्यांना घालतात. आमचं गाव तिरोड्याकडचं. बोदलकशाच्या तलावावर मासेमारी करणारे लोक जवळ, धानाच्या मिलांचा कोंडा वाटेल तेवढा. तेव्हा हा उद्योग इथे काढणाऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं, हे मान्य करायला हवं. काढला तो माझ्या चुलतभावाने. तालुक्यातल्या शेतकऱ्यांची एक कंपनी निघाली होती आणि तो तिचा अध्यक्ष झाला होता. आम्ही दोघं एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन वाढलो. मी शिकवायला गेलो, तो बोलायला. माझी नोकरी संपली. त्याचं बोलणं अजून चालू आहे.

त्याने गावातल्या बायकांना अंडी वाटली. बहुतेकींनी वास आला म्हणून महिन्याभरात ट्रे घासून त्यात पापड वाळत घातले. माझ्या बायकोने सोडलं नाही. मी पुस्तक घेऊन व्हरांड्यात बसायचो आणि ती गोठ्यात. सुरुवातीला मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. मग एके दुपारी पाहिलं, तर ती सोनाराकडे असतो तसला लहान काटा घेऊन बसली होती आणि चिमट्याने एकेक अळी उचलून त्यात ठेवत होती.

"काय करून राहिली?" मी विचारलं.

"लग्न जुळवून राहिली."

"कोणाचं?"

"तुमच्या भाच्याचं नाही. त्याच्यासाठी काटा पुरणार नाही."

काम असं होतं. एका खेपेच्या सगळ्या अळ्या वाळवायला जायच्या आधी ती त्यातल्या वजनदार निवडायची आणि बाजूला काढायची. त्यांच्या माश्या व्हायच्या, त्यांची अंडी पुढच्या खेपेला. पुन्हा त्यातल्या वजनदार. पुन्हा पुढे. धानाचं बियाणं काढताना ती हेच करत आली होती: बांधीतल्या उभ्या धानात फिरून चांगली लोंब शोधायची, तेवढीच वेगळी कापायची. ती आमच्या घरात आली तेव्हापासून घरच्या धानाची निवड तिच्याकडेच होती आणि तो अधिकार तिने कोणाला दिला नव्हता.

पहिल्या काही पिढ्यांत तिची फसगत झाली. अळ्या जाड निघू लागल्या, पण तयार व्हायला वेळ लावू लागल्या. ज्या सावकाश वाढतात त्या शेवटी जाड दिसतात, आणि तिने नेमक्या त्याच उचलल्या होत्या. "आळशी निघाल्या," ती म्हणाली. "बसून खाते अन् वजन वाढवते. हे तं मी कुठंबी पाहू शकतो." बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, हा तिचा चांगुलपणा. त्यानंतर ती आधी वेळ बघायची आणि मग वजन. जी अळी वेळेत काळी पडते, म्हणजे खाणं थांबवून कोरड्या जागेकडे चालू लागते, आणि तरीही काट्यावर भरते, तीच ठेवायची. शिवाय एकाच ट्रेमधल्या माश्या एकाच जाळीत जाऊ द्यायची नाही. एका ट्रेमधले नर दुसऱ्या ट्रेच्या माद्यांकडे.

"भाऊबहिणीचं लावून देऊ काय?" ती म्हणायची.

आमचे पूर्वज माळव्यातून इकडे आले असं आमच्याकडे अभिमानाने सांगतात. कोण कोणाच्या कुळातला, कोणाची आजी कोणत्या गावची, हे लग्न ठरवताना तीन तीन दिवस चघळतात. एवढी चाळणी लावून शतकानुशतकं निवड केलेल्या ह्या वाणाकडे पाहिलं, तर मला बायकोच्या दोनेक वर्षांच्या कामाचं जास्त कौतुक वाटायचं. तिच्या अळ्या प्रत्येक पिढीला सुधारत होत्या.

हे मला वाटून काय उपयोग. पण नागपूरकडच्या एका कृषी महाविद्यालयातल्या प्राध्यापक बाई कंपनीचं काम बघायला आल्या होत्या, त्यांनाही तसं वाटलं. गावातले इतर ट्रे पाहून त्या आमच्या गोठ्यात आल्या. नाकाला रुमाल लावला नाही. काट्यावर अळ्या ठेवल्या, पुन्हा ठेवल्या, आणि मग दुसऱ्या ट्रेमधल्या ठेवल्या. शेवटी त्यांनी बायकोला नीट समजावून सांगितलं. हा हिवाळा काढा. ह्याच निवडलेल्या अळ्यांची पुढची पिढी उन्हाळ्याच्या तोंडाला मला द्या. मी आमच्याकडे आमच्या माश्यांच्या शेजारी ती वाढवून बघते. तिथेही हेच वजन टिकलं, तर हा तुमचा वाण. तुम्ही म्हणाल त्या नावाने त्याची नोंद होईल.

त्या गेल्यावर बायको कामाला लागली. संध्याकाळी भाकरी वाढताना म्हणाली, "नाव म्हणजे माझंच ना जी? का तुमचं लावा लागते?"

"तुझंच."

"सातबाऱ्यावर तुमचं. दारावर तुमचं. मंग इथं माझं चालन?"

"त्या तर म्हणाल्या, तू म्हणशील ते."

तिने दुसरी भाकरी वाढली. "मंग माझं माहेरचं नाव देईन," म्हणाली.

आमच्या घरात सुनेचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात आणि ते तांदूळ पुन्हा डब्यात ओततात. तिचंही बदललं होतं. मूळ नाव घेणारी माणसं हळूहळू कमी होत गेली. तिची आई गेल्यावर कोणी उरलं नाही. हे नाव तिला एका माशीला द्यायचं होतं. मला हसू आलं नाही, ह्याचं मलाच नवल वाटलं.

मग थंडी पडली. ह्या माशीला लग्नासाठी ऊन लागतं. आमच्याकडे धान कापून झालं की सकाळी धुकं बसतं, आणि काही दिवस ते दुपारपर्यंत उठत नाही. जाळीतल्या माश्या कोपऱ्यात बसून राहिल्या. अंडी मिळेनाशी झाली. बायकोने दिवा लावून पाहिला, पण दिव्याने त्या फसल्या नाहीत. तेव्हा तिने हिशेब बदलला. शेवटच्या चांगल्या खेपेतल्या निवडलेल्या काळ्या अळ्या तिने तीन ट्रेमध्ये कोरड्या भुशात ठेवल्या, वर गोणपाट टाकलं आणि ते ट्रे स्वयंपाकघराच्या चुलीच्या भिंतीला लागून, गोठ्याच्या आतल्या कोपऱ्यात ठेवले. थंडीत त्या झोपल्यासारख्या राहतील आणि ऊन तापलं की माश्या होतील. जाळीतल्या माश्या मेल्या. वाण आता त्या तीन ट्रेमध्ये होता, दुसरीकडे कुठेच नव्हता.

आमच्याकडे बियाण्याच्या धानाच्या पोत्यावर शेणाचा एक आडवा पट्टा ओढतात. पट्टा ओढला की त्या पोत्याला घरातलं कोणी हात लावत नाही. मी लहान असताना असं एक वर्ष पाहिलं आहे, की घरात संध्याकाळी आंबील पिऊन झोपायचो आणि भिंतीला टेकून पट्ट्याची पोती उभी असायची. त्यातलं मूठभर काढावं असं कोणाच्या मनातही यायचं नाही. चुलतभाऊही त्याच खोलीत झोपायचा. बायकोने त्या तीन ट्रेंवर शेणाचा पट्टा ओढला.

ह्याच सुमाराला कंपनीने लोकार्पण सोहळा ठरवला. गोठा दोनेक वर्षं चालू होता, अळ्या विकल्या जात होत्या, मासे त्या खात होते. पण हे सगळं उद्घाटन न होता चाललं होतं आणि ते चुलतभावाच्या जिवाला लागलं होतं. मोठे पाहुणे येणार होते. आमच्या अंगणात मांडव पडला. रस्त्यावर फलक लागला. त्यावर पाहुण्यांचा मोठा फोटो, चुलतभावाचा त्याहून थोडा लहान, आणि खाली कोपऱ्यात एक माशी. ती माशी घरातली साधी माशी होती, गुळावर बसते ती. बायकोने फलकाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हे कोण पाहुणी आली बाप्पा?"

सोहळ्याच्या दिवशी सकाळी चुलतभाऊ गोठ्यात आला. मी तिथेच होतो.

"वहिनी, साहेबाच्या हातून बोडीत अळ्या टाकाच्या आहेत," तो म्हणाला. बोडी म्हणजे शेतातला लहान तलाव. आमच्या घरामागे एक आहे, तिच्यात कंपनीने मासे सोडले होते. "ताट भरून द्या."

"घ्या ना. त्या तिकडच्या, गावातून आणलेल्या. पाहिजेत तेवढ्या."

तो तिकडच्या ट्रेंपाशी गेला आणि तोंड वाकडं करून आला. "लय बारीक आहेत जी. फोटोत दिसाच्या नाहीत. अन् त्या कोपऱ्यातल्या?"

"त्यायले हात नोका लावू भाऊजी. बियाणं आहे ते."

"बियाणं काय म्हणता वहिनी, अळ्याच तं आहेत! माशीनं अंडे घातले का पुन्हा होते."

"ह्या धुक्यात कोणती माशी अंडे घालून राहिली? दाखवा मले. तिच्या पाया पडतो."

तो हसला. पट्ट्याकडे त्याने पाहिलं; मी त्याला पाहताना पाहिलं. "बरं बाप्पा, नाही घेत," म्हणाला. "तुमी आता लुगडं बदला. ओवाळाले सगळ्यात पुढं तुमाले उभं राहाचं आहे. घरची मोठी सून तुमी."

मोठी सून म्हणून ती उभी राहिली. गावातल्या बायका ओळीने, प्रत्येकीच्या हातात ताट, ताटात निरांजन. पाहुणे यायचे तेव्हा आले नाहीत. ऊन चढलं, निरांजनं विझली, पुन्हा लावली, पुन्हा विझली. मांडवातून चुलतभावाचा माणूस दर थोड्या वेळाने सांगायचा, "ताफा निघाला आहे." कुठून निघाला ते सांगत नव्हता. बायकांपैकी कोणी हलू शकत नव्हतं, कारण ताफा निघालेला होता. मला गावातले ज्येष्ठ म्हणून व्यासपीठावर बसवलं होतं, शेवटच्या खुर्चीवर, आणि आधीच एक पुष्पगुच्छ हातात दिला होता.

शेवटी गाड्या आल्या. बायको पुढे झाली, पाहुण्यांना कुंकू लावलं, ताट ओवाळायला लागली. आणि पाहुण्यांच्या खांद्यावरून तिला दिसलं, की गोठ्याच्या दारातून कंपनीची दोन माणसं ट्रे घेऊन बाहेर येत आहेत. एकावर एक तीन ट्रे. शेणाचा पट्टा समोरच्या बाजूला.

ताट हातात धरून ती थांबली. "साहेब," ती म्हणाली, "ते बियाणं आहे. टाकू नोका."

पाहुणे हसले. चांगले हसरे होते. "फार छान बियाणं आहे," ते म्हणाले. "असंच गावोगावी गेलं पाहिजे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. चुलतभावाने माईक हातात घेतला आणि साहेबांच्या शुभहस्ते वगैरे सुरू केलं. गर्दी बोडीकडे सरकली. बायको ताट घेऊन त्या गर्दीच्या मागे राहिली. पुढे जायला वाट नव्हती आणि ताट ठेवायला जागा नव्हती. मी व्यासपीठावरून उतरलो, पण तोपर्यंत माझ्यापुढेही पाठीच पाठी होत्या.

पाहुण्यांना हातमोजे दिले. अळ्यांना हात लागू नये म्हणून लग्नात वाढायचा मोठा डावही दिला. त्यांनी पहिला डाव भरून बोडीत टाकला आणि पाणी उकळल्यासारखं झालं. मासे भुकेले ठेवले होते, तसं सांगितलेलं होतं. डावामागून डाव टाकत पहिला ट्रे संपला. फोटोग्राफर म्हणाला, अध्यक्षसाहेब मध्ये आले, फोटोत साहेबांचा हात नाही. म्हणून दुसरा ट्रे. मग व्हिडिओवाला म्हणाला, सर, एकदा सावकाश. साहेबांनी सावकाश टाकल्या. तिसरा ट्रेही गेला.

मग भाषणं झाली. साहेब बराच वेळ स्त्रीशक्तीवर बोलले. बायकोला शाल आणि नारळ देण्यासाठी तिचं नाव पुकारलं, म्हणजे मी तांदळात लिहिलेलं नाव. ती व्यासपीठावर आली नाही. शेजारच्या बाईने जाऊन तिची शाल घेतली.

गाड्या गेल्यावर चुलतभाऊ घरात आला. ती आतल्या खोलीत बसली होती, अजून त्याच लुगड्यात.

"वहिनी, मी त्यायले बारीकच आणा म्हणून सांगतलं होतं. पोट्टेच चुकले."

तिने बोटाचं कुंकू लुगड्याला पुसलं.

"अन् घेतल्या तं घेतल्या. पाहुण्याच्या पुढं चांगलंच ठेवा लागते ना? मोठा माणूस आला घरी."

"तुमचा पाहुणा होता ना?" ती म्हणाली.

"हो तं."

"मंग तुमचं बियाण्याचं धान शिजवाचं होतं त्याच्यासाठी. काऊन नाही शिजवलं?"

त्याने गाडीची किल्ली खिशातून काढली, पुन्हा आत ठेवली. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. बोलण्याआधी विचार करताना मी त्याला फार वेळा पाहिलेलं नाही. मग म्हणाला, "धानाचं वेगळं आहे जी," आणि चहा न घेता गेला. त्याचं म्हणणं त्याला खरंच वाटत होतं, हे मी सांगतो. धानाचं वेगळं आहे, कारण धान आपण खातो. अळीचं बियाणं असतं हे त्याने अनेक सभांमधून लोकांना सांगितलं होतं, उच्च प्रतीचं बियाणं असे शब्द वापरून. पण सांगणं आणि वाटणं ह्या दोन गोष्टींचा त्याच्या आयुष्यात कधी संबंध आलेला नाही.

गोणपाटाखाली, भिंतीच्या फटीत, ट्रे उचलताना सांडलेल्या काही अळ्या सापडल्या. तिने चिमट्याने एकेक गोळा केल्या. ऊन तापल्यावर त्यांच्या माश्या झाल्या, पण मोजक्या, आणि बहुतेक एकाच ट्रेमधल्या. भाऊबहिणीचंच लावावं लागलं. अंडी आली, त्यातली बरीच फुटलीच नाहीत. जी फुटली त्यांतल्या अळ्या रोगट निघाल्या आणि वाढता वाढता मेल्या. तेव्हा तिने गावातून पुन्हा साध्या अळ्या आणल्या. प्राध्यापक बाई ठरल्याप्रमाणे आल्या. काट्यावर एक अळी ठेवली, दुसरी ठेवली, आणि काय झालं ते विचारलं. बायकोने सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुन्हा सुरू करा ना. तुम्हाला जमतं." बायको म्हणाली, "पाहू." त्यांना चहा दिला. त्यांनी घेतला.

ह्या वर्षी पावसाळा सरता सरता चुलतभाऊ पेढे घेऊन आला. कंपनीचं नाव झालं होतं. आता अर्जुनी मोरगावकडच्या गावांतही हा उद्योग न्यायचा होता, आणि तिकडे कंपनीचा उच्च वजनाचा वाण द्यायचा होता.

"कोणता वाण?" बायकोने विचारलं.

"तुमचाच जी! तुमीच तं काढला. प्रत्येक भाषणात सांगतो मी, आमच्या वहिनीनं काढला म्हणून."

"हं."

"त्याले नावबी ठरलं." तो जरा थांबला, कौतुकासाठी जागा ठेवून. "साहेबाचं नाव देऊन राहिलो. उद्घाटन त्यायच्या हातून झालं ना."

मी बायकोकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, आणि ते चुलतभावाला पेढ्यांसकट बाहेर घालवेल. ती उठली, गोठ्यात गेली, आणि पहिल्या हाताला आलेल्या ट्रेमधून डावाने एक डबा भरून आणला. साध्या अळ्या. त्याच, ज्या फोटोत दिसत नव्हत्या.

"घ्या," ती म्हणाली. "साहेबाचा वाण."

त्याने डबा उघडून आत पाहिलं. त्याला फरक कळला की नाही मला माहीत नाही. विचारलं तर नाही. झाकण लावलं, डबा गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला, पडू नये म्हणून त्याला गाडीतल्या पेढ्यांच्या एका रिकाम्या खोक्याचा टेकू दिला आणि निघाला.

गोठा अजून चालू आहे. ट्रे भरतात, अळ्या होतात, वाळतात, जातात. ती सगळ्या एकत्र डावाने काढते. काटा तिने स्वयंपाकघरात आणला आहे. सकाळी चहा करताना ती त्याच्यावर पत्ती ठेवते, काटा स्थिर होईपर्यंत थांबते, आणि मग पातेल्यात टाकते. पत्ती मोजायची गरज नसते. आम्ही दोघंच आहोत.